घरचा हात

चिखल तुडवताना मिस्त्री कधी खाली बघत नसत. चिखल कसा झालाय ते टाचेला कळतं, म्हणायचे. त्या दिवशीही दोन्ही हात कमरेवर ठेवून, समोर कुठेतरी बघत ते खड्ड्यात गोल गोल फिरत होते आणि त्यांच्या मागून मी, कपडे गुडघ्यापर्यंत खोचून.

"मुकादम, डाव्या पायाने फसवताय तुम्ही."

"मागे डोळे आहेत का तुम्हाला?"

"आवाज येतो की. उजवा पडला की चुळुक, डावा पडला की नुसतं फस्."

"डावी टाच दुखते माझी."

"दुखणारच. वर्षभर खुर्चीत बसून पुस्तकं राखता. पुस्तकं काय पळून जातात?"

"तुमच्यासारखी माणसं नेऊन परत देत नाहीत, म्हणून राखावी लागतात."

ते हसले. मागच्या वर्षी त्यांनी माझ्याकडून पुलांच्या बांधणीवरचं एक जाडं पुस्तक नेलं होतं. वाचता येत नव्हतं त्यांना फारसं, पण चित्रं बघायचे आणि चुका काढायचे. ते पुस्तक अजून त्यांच्या उशाखाली होतं.

मी शहरातल्या ग्रंथालयात काम करते. दर वर्षी पाऊस लागायच्या आधी रजा घेऊन घरी यायचे, ती ह्या चिखलासाठी. चाळलेली माती, बारीक कापलेला पेंढा आणि पाणी. ते सगळं आंबवत ठेवायचं, रोज तुडवायचं, आंबूस वास सुटला आणि बोटाला लोण्यासारखं लागलं की भिंतीवर चढवायचं. चढवायचे ते. मी फक्त तुडवायचे आणि टोपल्या द्यायचे. भिंतीला हात लावायला गेले की ते माझ्या मनगटावर थापी टेकवायचे, हळूच. "मुकादमाने देखरेख करायची. काम करायला माणूस ठेवलाय ना."

मुकादम हे नाव मी लहान असताना पडलं. ते पहिल्यांदा आमच्याकडे कामाला आले तेव्हा मी पालथ्या टोपलीवर बसून त्यांना म्हणाले होते म्हणे, "हे वाकडं आहे." आणि खरोखरच वाकडं होतं. तेव्हापासून ते मला मुकादम आणि मी त्यांना मिस्त्री. सगळं गावच त्यांना मिस्त्री म्हणायचं. आई होती तोवर तीसुद्धा.

भिंत होती आमच्या घराच्या मावळतीच्या बाजूची. सगळा पाऊस त्याच बाजूने येतो. भिंतीच्या आत आमच्या तीन खोल्या, आणि बाहेर काकांचं अंगण. आजोबांनी दोन मुलांच्या वाटण्या केल्या तेव्हा घर माझ्या जन्मदात्या वडिलांना दिलं आणि अंगण काकांना. काकांनी अंगणापलीकडे स्वतःचं घर बांधलं. भिंत कुणाची हे विचारल्यावर आजोबा म्हणाले, भिंतीचं नंतर बघू. मग ते गेले. पाठोपाठ वडील गेले. आणि भिंतीचं बघायचं राहून गेलं.

आता काकांना अंगणात गोदाम बांधायचं होतं. त्यासाठी ही मातीची भिंत पाडून तिथे विटांची घ्यायची, तिच्यात लोखंडी तुळया घालायच्या. आमच्या छपराची मधली तुळई ह्याच भिंतीवर टेकलेली आहे. भिंत गेली की ती तुळई खाली येणार, आणि तुळई आली की घर. एवढं सरळ होतं ते. पुढच्या आठवड्यात पंच येऊन निवाडा करणार होते.

गावात अशा भिंतीचा निवाडा एकाच गोष्टीवर होतो. पावसाआधी बाहेरून लिंपण कुणी केलं? घरच्या माणसाच्या हाताने झालं असेल तर भिंत त्या घराची. मजुराच्या हाताने झालं असेल तर तो मजूर ज्याने बोलावून आणला त्याची.

काका अंगणापलीकडच्या त्यांच्या ओसरीवरून उतरून आले तेव्हा मिस्त्री परातीवर, म्हणजे बांबूच्या मचाणावर चढले होते. आम्ही त्या मचाणाला परातच म्हणायचो, कारण एकदा त्याच्यावर बसून ते जेवले होते.

"काय मिस्त्री, भिंत आहे की हत्ती? किती थापायचं ते!"

"हत्तीला इतकं लागत नाही, मालक. तो स्वतःच अंगावर उडवून घेतो."

"दमू नका उगाच. पाडायचीच आहे."

"पाडताना मला बोलवा. कुणाच्या डोक्यावर येईल ते आधी सांगेन."

काकांनी वर बघितलं. ऊन डोळ्यांत जात होतं, म्हणून कपाळावर हात धरला. "मी आणलेला माणूस आज मलाच शिकवतोय. विसरलात का, पुलाच्या कामावरून कुणी आणलं होतं तुम्हाला? माझ्या बैलगाडीत बसून आलात. पाय खाली सोडून."

मिस्त्रींनी भिंतीकडे तोंड वळवलं. त्यांनी हात मागे केला. मी टोपली दिली. त्यांनी चिखलाचा गोळा घेतला, भिंतीवर फट्कन मारला आणि तळव्याने वर सरकवला, खालून वर, डावीकडे झुकत. तो त्यांचा हात होता. गावात कुठेही त्यांची भिंत ओळखू यायची, पावसाने झुकवलेल्या गवतासारखी.

काका गेल्यावर मी म्हणाले, "उत्तर का नाही दिलं?"

"खरं बोलले ते. गाडीत बसूनच आलो होतो."

"पंचांसमोर असंच म्हणणार?"

"पंचांना भिंत दाखवू. आपण तोंड कशाला वाजवायचं?" मग थोडं थांबून, "थापी द्या, मुकादम."

दुपारी त्याच भिंतीच्या सावलीत जेवलो. जेवताना ते नेहमीसारखे बोटाच्या गाठीने भिंत वाजवत होते. दर वर्षी वाजवायचे आणि दर वर्षी तेच सांगायचे, जणू मी पहिल्यांदाच ऐकतेय.

"इथे बोदा आवाज येतो ना? हा दोरवाला."

आमचं घर लांबट आणि अरुंद आहे, पुढचं दार आणि मागचं दार एका रेषेत. ते एका दोर वळणाऱ्याने बांधलं. त्याला दोर ताणायला लांबी हवी होती. एका दारात तो उभा, दुसऱ्या दारात त्याची बायको, आणि मधून दोर. सबंध घर म्हणजे एका दोराची लांबी. त्याने मातीत पेंढ्याऐवजी दोराचे तुकडे कालवले होते. त्याच्यामागून ते घर एका सुईणीने घेतलं. मधल्या खोलीत तुळईला लोखंडी कडी आहे, तिला दोर बांधून बाया त्या दोराला धरत आणि कळा देत. अर्धं गाव त्या खोलीत जन्मलं. काकाही. सुईणीला चुन्याचं वेड होतं. भिंत आतून बाहेरून पांढरी केल्याशिवाय ती बाळंतीण आत घ्यायची नाही. ती थकली तेव्हा घर माझ्या आजोबांनी घेतलं. ते गाडीवान होते. मागचं दार अंगणात उघडतं म्हणजे बैल सोडायला सोपं, एवढ्याच कारणासाठी घेतलं.

"आणि मग?" मी विचारलं. हे विचारणं माझं काम होतं.

"मग आजोबांचे दोन मुलगे. मग कोपरा पडला. मग एक मिस्त्री आला." त्यांनी बोटं चाटली. "तो पुढे कोण झाला, माहीत नाही."

वडील गेले त्या पावसात भिंतीचा वरचा कोपरा ढासळला. मी इतकी लहान होते की वडिलांचं मला फक्त खोकणं आठवतं, चेहरा नाही. काकांनी पुलाच्या कामावरून मिस्त्रींना आणलं. त्यांनी कोपरा उभा केला. आई म्हणाली, कोपरा वाळेपर्यंत थांबा. कोपरा वाळला. ते थांबले. ना चार माणसं बोलावली ना काही केलं. एके दिवशी त्यांच्या चपला पुढच्या दाराबाहेर होत्या त्या आत आल्या. गावाने थोडे दिवस कुजबुज केली आणि मग ज्याच्या त्याच्या भिंती पडायला लागल्यावर मिस्त्रींना हाका मारायला सुरुवात केली.

'बाबा' हा शब्द आमच्या घरात खुंटीवर टांगलेल्या सदऱ्यासारखा होता. ज्याचा होता तो येणार नव्हता, आणि दुसऱ्या कुणी तो काढायचा नाही, हे कुणी न सांगताच ठरलं होतं. काकू मला भरवताना म्हणायची, "तुझ्या बाबांसारखी खाते बघ." काका म्हणायचे, "माझ्या भावाची निशाणी." मिस्त्री त्या वेळी बाहेर जाऊन हात धुवायचे.

संध्याकाळपर्यंत खालची अर्धी भिंत झाली. ते एरवीपेक्षा लवकर उतरले. डावा खांदा चोळत होते.

"धरलाय जरा. वरचं उद्या."

"तेल लावू?"

"मला नको. ह्याला ओली पोती घाला." त्यांनी चिखलाकडे बोट केलं. "रात्रीत वाळला तर उद्या मुकादमाला सुट्टी नाही."

मी पोती भिजवून चिखलावर पसरली. एवढंच.

सकाळी मला जाग आली ती कसलाच आवाज नव्हता म्हणून. ते उठले की आधी बादली वाजायची.

ते भिंतीला पाठ टेकून खड्ड्याच्या काठावर बसले होते. पाय चिखलात. पोती बाजूला काढून, नीट घडी करून ठेवलेली. डोळे अर्धे उघडे, समोर. खाली बघत नव्हते.

"मिस्त्री," मी म्हणाले. आणि मग परत म्हणाले.

चिखल घोट्यांभोवती वाळायला लागला होता. मला पाय ओढून काढता येईनात. मी बादली आणली, पाणी ओतलं, दोन्ही हात आत घालून घोटे मोकळे केले. एक पाय. मग दुसरा. तेवढ्यात काकू आली आणि ओरडली, आणि मग बाकीचे आले.

त्यांना स्मशानात न्यायच्या वेळी कुणीतरी विचारलं, "जवळचं कोण आहे? पुढे व्हा."

मी दारात होते. हात कोपरापर्यंत मातीचे होते, सुकून ताणले जात होते. काका म्हणाले, "तसं जवळचं कोणी नाही बिचाऱ्याला. कामाचा माणूस." आणि स्वतःच पुढे झाले. मी दारातच राहिले. चांगुलपणाने म्हणाले ते, असं सगळ्यांना वाटलं. मलाही क्षणभर वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी परत खड्ड्यात उतरले. काय करायचं ते माहीत नव्हतं, पण चिखल वाळू द्यायचा नाही एवढं माहीत होतं. एकटीने तुडवलं की चिखल एका बाजूला पळतो. मी मधोमध आणायचे, तो परत पळायचा.

काका आले. ह्या वेळी कपाळावर हात धरला नाही. आभाळ भरलं होतं.

"बाहेर ये, पोरी. हे काय तुझं काम आहे?"

"अर्धी राहिलीय."

"ते मी बघतो. माणसं सांगितली आहेत मी."

मी थांबले. "कशाला?"

"वरचं लिंपायला. पाऊस कोणासाठी थांबतो का? उघडी भिंत भिजली तर तुझंच घर ओलं होईल." ते उकिडवे बसले, माझ्या डोळ्यांसमोर डोळे आणून. आवाज मऊ होता. "हे बघ. मी काय तुला बेघर करणार आहे? माझ्या भावाची मुलगी तू. पंच विचारतील, लिंपण कुणी केलं. तू सांग, मिस्त्रीने केलं, कामाला होता. खोटं आहे का हे? भिंत मला मिळते. मागची खोली जाईल, त्याला इलाज नाही. पुढच्या दोन मी तुला टेकू लावून पक्क्या करून देतो. चार लोकांसमोर कबूल करतो."

"आणि दुसरं काही सांगितलं तर?"

"दुसरं काय सांगणार?" ते खरंच विचारात पडल्यासारखे दिसले. मग उठले, गुडघे झटकले. "तो बाप होता म्हणणार? मग माझ्या भावाची तू कोण? हे घर माझ्या भावाचं. मिस्त्रीची मुलगी म्हणून कुठल्या तोंडाने त्यात राहशील? सगळं घर मागायचा हक्क मला येतो मग. विचार कर. शिकलेली आहेस."

त्यांची माणसं दुपारी शिडी घेऊन आली. शेजारच्या गावची दोघं, मला न ओळखणारी. त्यांनी शिडी भिंतीला लावली, मिस्त्रींच्या ओल्या लिंपणावर, त्या झुकलेल्या गवतावर. शिडीच्या कडा त्यात रुतल्या.

"काढा ती," मी म्हणाले.

"मालकांनी सांगितलंय, ताई."

"शिडी काढा."

ते एकमेकांकडे बघायला लागले. काका ओसरीवर होते, आणि काकांचे दोन-तीन सोबती. मी टोपली भरली, मचाणावर चढले. चढताना एक चप्पल पडली. वर गेल्यावर मला कळलं की मी तिथे कधीच उभी राहिले नव्हते. मी गोळा घेतला आणि मिस्त्रींसारखा मारला. चिकटला. तळव्याने वर सरकवला. हात पुढे गेला आणि चिखल मागे राहिला, मग हळूहळू, सगळ्यांच्या देखत, सबंध पापुद्रा सुटला आणि माझ्या पायांवर आला.

ओसरीवर कुणीतरी हसलं. "पुस्तकात बघून या, बाई!"

मी दुसरा मारला. तोही आला. तिसऱ्याचे शिंतोडे तोंडावर उडाले. खालच्या दोघांपैकी एक, शिडी धरून उभा होता तो, काकांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "आधी पाणी मारा, ताई. कोरडी भिंत धरत नाही." त्याच्या सोबत्याने त्याला कोपर मारलं.

मी पाणी मागितलं. कुणी दिलं नाही. उतरून मीच आणायला गेले तेवढ्यात काठीचा आवाज आला.

नावाडीआजोबा पंचांतले सगळ्यांत थोरले. आयुष्यभर नदीच्या गडगडाटात ओरडून ओरडून त्यांचे कान गेले होते. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे पलीकडच्या काठाला हाक मारल्यासारखं. ते दोन्ही पायांवर नीट उभे राहिले आणि काठी भिंतीकडे केली.

"कुणी हात लावायचा नाही. ह्याने नाही, हिने नाही. उद्या सकाळी बसू."

"पण पाऊस, आजोबा!" काका ओरडले.

"काय?"

"पाऊस!"

"मला दिसतो. कान गेलेत, डोळे नाही."

दिवस कलता कलता काकू ताट घेऊन आली. पुढच्या दाराने आली, कधी नव्हे ते. मी जेवत असताना ती मधल्या खोलीत उभी राहून तुळईच्या कडीकडे बघत होती.

"तुझ्या काकांचं ऐक," ती म्हणाली. "वाईट माणूस नाही तो. एकदा डोक्यात घेतलं की घेतलं."

"तू काय म्हणशील?"

"मला कोण विचारतंय." तिने ताट उचललं. दारात थांबली. "मिस्त्री लिंपत असला की मी भांडी बाहेर घेऊन बसायचे. उगाचच. माणूस मन लावून काम करताना बघायला बरं वाटतं." मग स्वतःवरच चिडल्यासारखी म्हणाली, "खरकटं तसंच ठेवू नकोस," आणि गेली.

सकाळी हवा बंद पडली होती. ढग इतके खाली की अंगणातला उजेड पिवळा झाला होता. नावाडीआजोबांना खुर्ची दिली. दुसरी पंच दळणवाली, भुवयांवर पीठ तसंच घेऊन आलेली. तिसरा शिंपी, जो कुठल्याच बैठकीत बोलत नसे, तोंडात टाचण्या धरल्यासारखा. बाकी गाव अंगणाच्या कडेने.

"खिडकी पाडा," नावाडीआजोबा म्हणाले.

भिंतीला खिडकी पाडायची म्हणजे तळहाताएवढा चौकोन आतपर्यंत कोरायचा, थर मोजायला. दळणवालीने थापी मागितली. मी मिस्त्रींची दिली. मूठ त्यांच्या अंगठ्याने झिजून खोलगट झाली होती. दळणवालीने तिचा अंगठा त्यात ठेवला, काढला, आणि थापी दुसऱ्या बाजूने धरली.

कापताना माती आधी ओली, मग कोरडी निघाली. चौकोन खोल झाला तशी ती बाजूला झाली आणि आम्हा सगळ्यांना दिसलं. वर मिस्त्रींचे थर, एकावर एक, कांद्याच्या पाकळ्यांसारखे पातळ आणि दाट, प्रत्येक डावीकडे झुकलेला. खूप होते. त्यांच्या खाली दोनच जाड, ओबडधोबड थर, भेगाळलेले. माझ्या वडिलांचे. त्यांना खोकल्यामुळे घाई असे, असं आई म्हणायची. मग आजोबांची माती, भुसा आणि कडब्याचे तुकडे. मग पांढरी रेघ, चुन्याची, अजून लखलखीत. आणि अगदी आत, काळपट मातीत, दोराचा एक पीळ. दळणवालीने तो नखाने ओढला. तो तुटला नाही.

"अगं बाई," ती म्हणाली. "दोरवाला."

"काय म्हणते ती?" नावाडीआजोबांनी विचारलं.

"दोरवाला निघाला!"

"असणारच. जाणार कुठे." ते वाकून पांढऱ्या रेघेकडे बघत राहिले. "मी ह्या चुन्याच्या आत जन्मलो." मग काकांकडे वळले. "हात दिसतो. हा मिस्त्रीचा. तुझं म्हणणं काय?"

काका पुढे आले. त्यांनी तयारी केली होती. "हाताबद्दल वाद नाही, आजोबा! हात मिस्त्रीचाच! प्रश्न हा, की तो हात कुणाचा? त्याला गावात मी आणला. कोपरा मी बांधून घेतला. तो ह्या घरचा होता का? लग्न लागलेलं कुणी बघितलं?" त्यांनी कडेने उभ्या गावावर नजर फिरवली. "तो स्वतःला काय म्हणायचा? मिस्त्री. वहिनी त्याला काय म्हणायची? मिस्त्री. आणि हिला विचारा." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "ही काय म्हणायची? आपल्या बापाला कुणी मिस्त्री म्हणतं का? आणि तो हिला काय म्हणायचा?"

"मुकादम," कडेने कुणीतरी म्हणालं, आणि दोघं-तिघं हसली. वाईट हेतूने नाही. त्यांना ते आवडायचं.

"मुकादम!" काका म्हणाले. "स्वतःच सांगून गेलाय तो, कोण मालक आणि कोण मजूर. नेताना विचारलं, जवळचं कोण? हीच दारात उभी होती. बोलली का?"

माझ्या पाठीमागे चिखलाचा खड्डा होता. पहाटेच मी तो तुडवला होता आणि पोती घातली होती; पोत्यांखालून तो आंबूस वास येत होता. काकूने पदराचं टोक तोंडात धरलं होतं. पहिला थेंब कुठेतरी पत्र्यावर वाजला आणि सगळ्यांनी वर बघितलं.

"पोरी," नावाडीआजोबा म्हणाले, "त्याचं सगळं खरं आहे. लबाडी नाही त्यात. आता तुझं तू सांग. आणि विचार करून सांग, कारण एकदा बोललीस की तेच धरलं जाईल. तो तुझा कोण?"

काका आता माझ्याकडे बघत होते. मान अगदी थोडी हलवली त्यांनी. पुढच्या दोन खोल्या. टेकू. माझ्या भावाची मुलगी. त्या डोळ्यांत दया होती, आणि ती खोटी नव्हती. तेच अवघड होतं.

मी त्या चौकोनाकडे बघितलं. त्या पातळ पाकळ्यांमधली एखादी मी शाळेत नापास झाले त्या वर्षीची असेल. एखादी मला ताप आला तेव्हाची, जेव्हा ते लिंपण अर्धं टाकून मला पाठीवर घेऊन नदीपर्यंत गेले आणि नावाडीआजोबांना पलीकडच्या काठाला हाका मारत राहिले. आई गेली त्या वर्षीची तर नक्कीच. त्या वर्षी त्यांनी एकट्याने तुडवलं, एकट्याने चढवलं. मी येईन का हे विचारलंही नाही. तरी मी आले होते आणि त्यांनी टोपली पालथी करून दिली होती, बसायला.

"बाप," मी म्हणाले.

नावाडीआजोबांनी कानामागे तळवा धरला. "काय?"

"बाप होते."

"ओठ हलतात नुसते. मोठ्याने बोल. त्या कडेच्या माणसांनापण कळू दे."

काका म्हणाले, "पोरी, अजून..."

मी एक पाऊल पुढे गेले. घसा कोरडा होता, कोरड्या भिंतीसारखा, आणि मला वाटलं हाही शब्द सुटून पायांवर पडेल. मग पलीकडच्या काठाला हाक मारतात तसा श्वास घेतला.

"बाबा!" मी म्हणाले. "माझे बाबा होते ते. ही भिंत माझ्या बाबांनी लिंपली आहे."